चंद्रपूरचं पान, मुंबईचा बर्फ

पहिला दिवस : शुक्रवार

दादरला उतरलो तेव्हा पिशवीत तीन किलोचा दगड होता. रात्रभर तो मी उशाशी घेऊन झोपलो होतो, कारण बर्थखाली ठेवला तर कोणीतरी त्याच्यावर पेटी ढकलणार. समोरच्या बाईंनी वर्ध्यापासून तीनदा विचारलं, "मूर्ती हाय का?" तिसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं. त्यांनी पिशवीला हात जोडले.

मे महिन्यात कोणी हौसेने मुंबईला जात नाही. आमच्या चंद्रपुरात पारा सेहेचाळीसला टेकतो, पण घाम अंगावरच सुकतो. इथे चौतिसातच शर्ट पाठीला चिकटला. पण भाची वर्षातून एकदा, दहा दिवसांसाठी येते आणि यंदा ते दहा दिवस मेमध्ये पडले. ती युरोपातल्या एका विद्यापीठात पर्माफ्रॉस्टवर काम करते, म्हणजे ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीवर. जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाला किंवा त्याखाली राहते, ती पर्माफ्रॉस्ट. मी चौतीस वर्षं कोळसाखाणीत सर्व्हेअर होतो. ताईचं म्हणणं, आमच्या घराण्यात दोन माणसं जमिनीत घुसली आणि दोघंही चुकीच्या ठिकाणी.

ताई परळला राहते. जुनी चाळ पाडून टॉवर झाला, तिला चौदाव्या मजल्यावर खोली मिळाली. पाणी प्यायच्या आधीच मी वर्तमानपत्राच्या घड्या सोडल्या.

"धोंडा?" ताई म्हणाली. "मला वाटलं एचएमटी तांदूळ आणलास."

करड्या शेलची, म्हणजे चिखल दाबून झालेल्या दगडाची लादी, आणि तिच्यावर वीतभर लांब पान. जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर, दोन्ही अंगांना बारीक जाळी. कोळशाच्या थरावरची माती-दगड, जिला आम्ही ओबी म्हणतो, ती काढताना अशी पानं निघतात आणि डंपरमधून ढिगाऱ्यावर जातात. हे एक मी उचलून ठेवलं होतं. साहेब लोकांनी नाव सांगितलं होतं, ते मी इंग्रजीत पाठ केलं होतं. भाचीने फरशीवर मांडी घातली, लादी तिरपी धरली, उजेड कडेने पाडला आणि तेच नाव घेतलं. ग्लॉसोप्टेरिस. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेलं झाड.

मग तिने जे सांगितलं ते साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, हिमदंशाने पाय काळे पडलेले, अशा अवस्थेत ८ फेब्रुवारी १९१२ रोजी बिअर्डमोर हिमनदीच्या काठी थांबले आणि दगड गोळा करत बसले. पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलो. ते शेवटपर्यंत घसरगाडीवरून ओढले. नोव्हेंबरमध्ये तंबू सापडला तेव्हा माणसं गेलेली होती आणि दगड तिथेच होते. पुढे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी त्यांतली पानं ओळखली. ग्लॉसोप्टेरिस इंडिका. आपल्याकडच्या खडकांतून आधीच नाव मिळालेलं पान, ध्रुवाच्या वाटेवर.

"मरायला टेकले होते, तर दगड का नाही टाकले?" मी विचारलं.

"तुम्ही टाकलात का वर्ध्याला?"

संध्याकाळी खिडकीशी चहा घेत होतो. खाली शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं यंत्र धडधडत होतं. भरणीतून आणि चिकणमातीतून खाली जायचं आणि काळ्या पाषाणावर टेकायचं, हा मुंबईचा हिशोब मला कळतो. भाची म्हणाली, सायबेरियातल्या याकुत्स्कमध्येही इमारती अशाच खांबांवर असतात, पण तिथे खांब पाषाण शोधत नाही. भोक पाडून खांब सोडतात, भोवतीची माती त्याला गोठून धरते, तीच पकड. घराखाली मोकळी जागा ठेवतात, म्हणजे घराची ऊब जमिनीला लागत नाही आणि हिवाळ्याचा वारा खालून फिरतो. २९ मे २०२० ला तिकडच्याच नोरील्स्कजवळ डिझेलची टाकी फुटली आणि सुमारे वीस हजार टन तेल बाहेर आलं. टाकीखालचे आधार खचले होते. जमीन सैल झाली म्हणून, की देखभाल नव्हती म्हणून, यावर बरीच भांडणं झाली.

"दोन्ही असेल," मी म्हटलं. खाणीतल्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीत मी हेच ऐकलंय.

"खोलवर थंड कसं राहतं पण? उन्हाळा येतोच ना तिथे." हा प्रश्न ताईचा. ती कुरडयांचा चीक ढवळत होती.

"आई, आजोबांच्या वाड्यातली विहीर आठव. मेमध्ये पाणी गार, डिसेंबरात कोमट. पाणी सारखंच असतं, आपलं अंग बदलतं. दहा-पंधरा मीटरच्या खाली उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही. परळला तेवढं खणलंस तर बारा महिने सत्तावीसच्या आसपास. स्वालबारला, म्हणजे नॉर्वेच्या ध्रुवाकडच्या बेटांवर, तेवढं खणलं तर शून्याच्या खाली. वरचा थोडाच थर उन्हाळ्यात सुटतो आणि परत गोठतो."

ताईला विहीर आठवली, पण वेगळ्याच कारणाने, आणि पुढचा अर्धा तास त्या विहिरीत पडलेल्या पितळी कळशीवर गेला.

दुसरा दिवस : शनिवार

पहाटे साडेचारला टॅक्सी. भाचीला ससून डॉक बघायचा होता. "१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद," ती म्हणाली, "आत्ताच जायला हवं." मासे बघायचे असतील असं मला वाटलं होतं. तिला बर्फ बघायचा होता.

ससून डॉक १८७५ सालचा. फोटो काढू देत नाहीत, तेव्हा सांगतो. बोटी एकीला एक लागलेल्या, पाट्या डोक्यावरून झुलत निघालेल्या, खाली कोळंबीचा आणि पाण्याचा चिखल, आणि लिलावाचा असा गलबला की आकडा कोणाच्या तोंडून निघाला आणि कोणी उचलला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका टेम्पोतून गोणपाटाखालच्या लाद्या सरकत उतरत होत्या. आकड्याने ओढायच्या, यंत्राच्या तोंडाशी उभ्या करायच्या, पलीकडून चुरा.

भाचीने एका लादीवर तळवा ठेवला आणि वाकून आत बघायला लागली. "कडेला काच, मधे दूध. दिसतं का? कारखान्यात डबा बाहेरून आत गोठत येतो. हवा आणि मीठ-माती पुढे ढकलली जाते आणि शेवटी मधोमध अडकते. बर्फ कसा गोठला ते बर्फातच लिहिलेलं असतं. माझं निम्मं काम हेच आहे."

"बाय, घ्यायचा नाय तं सरक ना," मागून पाटी आली. आम्ही सरकलो.

कठड्याशी उभं राहून तिने एक हिशोब सांगितला, तो मला चार दिवसांत सगळ्यात जास्त चिकटला. शून्य अंशाचा एक किलो बर्फ शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ते पाणी जवळजवळ ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून लादी संध्याकाळपर्यंत टिकते. आणि म्हणून ज्या जमिनीत बर्फ भरपूर असतो, ती वितळायला उशीर लावते. थर्मामीटर शून्यावर अडकून बसतो, वर्षानुवर्षं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं काही होतच नाही. उष्णता आत जातच असते.

कुलाब्याच्या टोकाला जुनी वेधशाळा होती, १८२६ ची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर विजेचा त्रास नको म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला गेलं. तो भाग नौदलाच्या हद्दीत, त्यामुळे आम्ही टॅक्सीतून फक्त दिशा बघितली. पण भाचीला ट्रामपेक्षा चिकाटी महत्त्वाची. रोज कोणीतरी उठून आकडा लिहिला, शंभर-दीडशे वर्षं. उत्तर ध्रुवाकडे असं लिहिणारं कोणी नव्हतं. मग जुनं तापमान आणायचं कुठून?

याचं एक उत्तर मला, एका सर्व्हेअरला, फार आवडलं. बोअरहोल. जमिनीच्या पृष्ठभागावर तापमान वाढलं की ती ऊब खाली निघते, पण इतकी सावकाश की शंभर मीटरवर पोचायला शतक लागतं. म्हणजे खोल भोकात तापमान मोजत खाली गेलं, तर वरच्या हवेचा इतिहास उलट्या क्रमाने वाचता येतो. खोल जाल तसा जुना, आणि तसाच पुसट. १९८६ मध्ये लाकेनब्रुक आणि मार्शल या दोघांनी अलास्काच्या उत्तर टोकाच्या खोल तेलविहिरींमधली तापमानं घेतली आणि सांगितलं की गेल्या शतकभरात तिथल्या जमिनीचा माथा दोन ते चार अंशांनी तापलाय. तेलवाल्यांची भोकं, आणि त्यातून निघालं हे. मी आयुष्यात शेकडो बोअरहोलच्या जागा आखून दिल्या. कोअर बॉक्समध्ये, म्हणजे भोकातून काढलेले दगड मांडायच्या पेटीत, कोळसा कुठे लागला तेवढं बघायचं. भोक किती गरम आहे हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही.

डॉककडून लायन गेटपर्यंत बसने आलो. समोर कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, त्या जागी मुंबईचं बर्फघर होतं. आज खूण म्हणून काही नाही. पण गोष्ट खरी आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर तिकडच्या तळ्यांमधला बर्फ करवतीने कापून जहाजाने जगभर विकायचा. १८३३ मध्ये पहिलं जहाज कलकत्त्याला आलं. निघताना १८० टन, चार महिन्यांनी विषुववृत्त दोनदा ओलांडून पोचला तेव्हा साधारण १०० टन शिल्लक. पुढच्या वर्षापासून मुंबईलाही यायला लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. ताईला ही गोष्ट संध्याकाळी सांगितली तर म्हणाली, "होणारच."

बर्फ टिकला कशाने? लाकडाच्या भुशाने. भाची म्हणाली, पर्माफ्रॉस्टच्या अंगावरही भुसा असतो. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, पीट. उन्हाळ्यात तो कोरडा होतो आणि ऊब आत जाऊ देत नाही. वणव्यात किंवा बुलडोझरखाली तो थर गेला की खालची जमीन उघडी पडते. मग लादीवरचं गोणपाट काढल्यासारखं.

रात्री गच्चीवर वारा होता. तिथे मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला बहुतेक मी आलोच होतो.

"तू आजवर मला कधी बोलली नाहीस. मी चौतीस वर्षं कोळसाच काढला."

ती बराच वेळ खालच्या पुलावरची गाड्यांची रांग बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, नी-ऑलेसुंद पण कोळशाचंच गाव होतं."

स्वालबारमधल्या त्या गावात आपलं भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. उत्तर ध्रुव तिथून सुमारे बाराशे किलोमीटर. आज तिथे वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ राहतात, पण गाव वसलं ते खाणीसाठी. ५ नोव्हेंबर १९६२ ला स्फोट झाला आणि एकवीस माणसं गेली. पुढच्या वर्षी खाण बंद. कोळशाच्या गाडीचं छोटं वाफेचं इंजिन अजून उभं आहे, ती त्याच्याशेजारून रोज जेवायला जायची. स्वालबारचं मुख्य गाव लाँगयिअरब्येनही १९०६ मध्ये खाणीसाठीच वसलं. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली.

"खाणकामगारांनी घरं बांधली, धक्का बांधला, वाटा पाडल्या. त्यांच्या गावात राहून मी त्यांच्या धुराचा हिशोब करते. कोणाला बोलू?"

एकवीस हा आकडा ऐकून मी माझ्या ओळखीची नावं मोजायला लागलो होतो. खाणीतली. तिला सांगितली नाहीत. ताईने खालून हाक मारली, कुरडया उद्या घालायच्या आहेत, लवकर झोपा.

तिसरा दिवस : रविवार

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मुंबईकर ही गोष्ट पंचांगासारखी बघून घराबाहेर पडतो, मी बाहेरगावचा, विसरलो. अंधेरीला पोचायला दोन गाड्या, एक बस आणि भाचीचा वैताग लागला.

गिल्बर्ट हिल अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या आणि झोपड्यांच्या मधोमध, एकदम उभा. एकसष्ट मीटर उंच काळा पाषाण, माथ्यावर देवीचं देऊळ, चढायला पायऱ्या. कडेला बघाल तर खांबच खांब, एकमेकांना चिकटलेले, जणू कोणी पेन्सिलींचा जुडगा उभा करून ठेवलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना आकसला, आकसताना तडकला, आणि तडे एकमेकांना मिळून पाच-सहा कोनांचे खांब झाले.

देवळाच्या सावलीत बसून भाचीने फोनवर एक फोटो दाखवला. विमानातून काढलेला टुंड्रा, म्हणजे ध्रुवाकडचा बिनझाडांचा प्रदेश. सपाट हिरवी-तपकिरी जमीन आणि तिच्यावर जाळं, फरशी बसवल्यासारखं. एकेक खण दहा ते तीस मीटर रुंद.

"हे पण तडेच," ती म्हणाली. "इकडे लाव्हा हजार अंशांवरून खाली येताना आकसला. तिकडे आधीच गोठलेली जमीन कडाक्याच्या थंडीत, उणे वीस-तीसला आणखी आकसते आणि फुटते. आवाज येतो, बंदूक उडाल्यासारखा. तडा बोटभरही रुंद नसतो. वसंतात वरचं बर्फ वितळतं, पाणी त्यात उतरतं, आणि खालच्या थंडीने तिथेच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन त्याच जागी फुटते. परत पाणी, परत बर्फ. हजारो वर्षं. शेवटी जमिनीत बर्फाची पाचर ठोकलेली असते, वर दोन-तीन मीटर रुंद, खाली निमुळती."

पाचर हा शब्द तिचाच. सुताराची, फाळाची पाचर.

मग मला तिचं काम पहिल्यांदा नीट कळलं. त्या पाचरीत जे पाणी शिरतं ते मुख्यतः हिवाळ्याच्या बर्फाचं. पाण्यातल्या ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो, ऑक्सिजन-१८. थंडी जितकी कडक, तितका पडणाऱ्या बर्फात तो कमी. म्हणजे पाचरीचा तुकडा कापून आणला, वितळवला, जड ऑक्सिजन मोजला, की त्या काळचा हिवाळा किती कडक होता याचा अंदाज येतो. तड्यात पडलेल्या काडीकचऱ्यावरून वय, कार्बन-१४ ने, पन्नासेक हजार वर्षांपर्यंत. झाडांची वर्तुळं आणि तळ्यातले परागकण मुख्यतः उन्हाळ्याचं सांगतात. हिवाळ्याचं सांगणारे साक्षीदार थोडे, त्यात ही पाचर.

"आणि वितळली तर?"

"पाणी होऊन वाहून जाते. चिखलाचा साचा उरतो. त्याच्यावरून इथे पाचर होती एवढंच कळतं. हिवाळा गेलेला असतो."

खाली उतरताना खांबांचे तुटलेले तुकडे दिसत होते. उत्खननामुळे टेकडी चारी बाजूंनी कापत आणलीय. एका पोराने सांगितलं की पिक्चरवाले शूटिंगला येतात.

संध्याकाळी दादरच्या एका शाळेच्या सभागृहात तिचं व्याख्यान. शंभरेक माणसं, पंखे चालू, प्रोजेक्टर बंद. अर्धा तास तीन माणसांनी वायरी हलवल्या. शेवटी ती म्हणाली, राहू द्या, आणि फळ्यावर खडूने बोलली. मला वाटतं त्याने व्याख्यान सुधारलं.

आकडे तिने थोडेच दिले. उत्तरेच्या पर्माफ्रॉस्टमध्ये १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेत आज आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत जगभरच्या बोअरहोलमध्ये खोलवरचं तापमान सरासरी ०.२९ अंशाने वाढलं. कोणीतरी "एवढंसंच?" म्हणालं. मला ससून डॉकची लादी आठवली, आणि हात वर करून सांगावंसं वाटलं, पण मी पाहुणा होतो.

खरी गंमत जुन्या काळाची होती. भूतकाळात पृथ्वी आजच्याइतकी किंवा थोडी जास्त गरम होती तेव्हा या जमिनीचं काय झालं? फळ्यावर तिने दोन साक्षीदार उभे केले. पहिला सायबेरियातला. साठ अंश उत्तरेला लेना नदीच्या खोऱ्यात एक गुहा आहे. गुहेतले चुनखडीचे स्तंभ पाणी ठिबकलं तरच वाढतात, आणि वरची जमीन गोठलेली असेल तर पाणी ठिबकत नाही. युरेनियम-थोरियमने त्या स्तंभांची वयं काढली. २०१३ च्या शोधनिबंधात निघालं की तिथे सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात स्तंभ वाढला, आणि तेव्हापासून वाढलेला नाही. त्या वेळी जग औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा साधारण दीड अंशच गरम होतं. दुसरा साक्षीदार कॅनडातल्या युकॉनचा. तिथे ज्वालामुखीच्या राखेखाली बर्फाची पाचर सापडली, आणि राखेचं वय सात लाख चाळीस हजार वर्षं. म्हणजे मधले सगळे उबदार काळ ती पाचर न वितळता राहिली. ही चार लाख वर्षांपूर्वीची ऊब धरून.

"एक म्हणतो वितळलं, एक म्हणतो टिकलं," पहिल्या रांगेतले पागोटंवजा टोपी घातलेले आजोबा म्हणाले. "खरं कोणाचं?"

"दोघांचं," ती म्हणाली. जागा वेगळी, खोली वेगळी, आत बर्फ किती, वर भुसा किती, हे सगळं वेगळं. ज्यात बर्फ जास्त ती जमीन हट्टी. वरचे दोन-तीन मीटर सुटले तरी खालचं धरून राहतं. पण कार्बन बराचसा वरच्या तीन मीटरांतच आहे. सोप्या उत्तराने टाळी मिळाली असती. तिने ते दिलं नाही, आणि आजोबांनी मान हलवली, ती पटल्याची होती की विचारात पडल्याची, ते कळलं नाही.

पुढचे चार प्रश्न मॅमथ आणि विषाणू. कोणीतरी फोनवर काहीतरी बघून येतं आणि शास्त्रज्ञाला तेच विचारतं. मला राग आला, तिला नाही. उलट तिने एक फूल दिलं सभेला. कोलिमा नदीकाठी अडतीस मीटर खोल, खारीसारख्या एका प्राण्याच्या बिळात साठवलेली फळं सापडली, सुमारे बत्तीस हजार वर्षांपूर्वीची. रशियन शास्त्रज्ञांनी त्यांच्या पेशींपासून रोपं वाढवली, त्यांना पांढरी फुलं आली. २०१२ ची गोष्ट. मागे बसलेल्या बायकांनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहिलं.

परतताना चालत निघालो. हिंदमाताशी उसाचा रस घेतला, बर्फ न घालता. तिथे तिने मला सांगितलं ते सभेत सांगितलेलं नव्हतं.

"मामा, इरईला गेलाय ना?"

इरई म्हणजे आमच्याकडे धरण. चंद्रपूर तेच पाणी पितं. पण ती म्हणत होती ती जागा वेगळी, चंद्रपूरपासून दहा-बारा मैलांवर, नदीच्या पात्रातली. १८७५ मध्ये भूशास्त्र सर्वेक्षणाच्या फेडन यांनी तिथे चुनखडीचा खडक बघितला, घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे. वर गोट्यांचा थर. हिमनदीने दगड तळाशी धरून ओढत नेले की असे ओरखडे पडतात. तशाच गोट्यांचा थर ओडिशात तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच ओळखला होता. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिणेकडच्या थंड अक्षांशांवर होती आणि तिच्यावर बर्फ होता.

"त्या थराच्या वर काय आहे?" तिने विचारलं, मास्तरीण असल्यासारखं.

"कोळसा," मी म्हटलं. सर्व्हेअर ते झोपेतही सांगेल.

"बर्फ मागे हटलं, थंड दलदल झाली, पानगळीची झाडं वाढली. थंडीत पाला कुजायला वेळ लागतो, म्हणून साठत गेला. पीट. मी जिथे भोकं पाडते तिथे आज तेच साठलंय. तुमचं गाडलं गेलं, दाबलं गेलं, कोळसा झालं. माझं नुसतं गोठून पडलंय. तुमचं काढायला यंत्र लागतं. माझं आपोआप निघतंय."

मी रसाचा ग्लास परत दिला. भैय्याने विचारलं, और एक? घेतला. चौतीस वर्षं ज्या थराची जाडी, उतार, आयतन काढून दिलं, तो कधीतरी ओला, थंड, पायाखाली दबणारा पाचोळा होता, हे मला माहीत होतं. पुस्तकात होतंच. पण तो थंड होता हे कोणी सांगितलं नव्हतं. सेहेचाळीस अंशांत ओबीच्या ढिगाऱ्यावर उभं राहून थंड सुचत नाही.

चौथा दिवस : सोमवार

सकाळी दगडाचा प्रश्न. भाचीने तो न्यायला साफ नकार दिला. जीवाश्म देशाबाहेर न्यायचे नसतात, आणि नियम नसता तरी नेला नसता. मी परत न्यावा तर ताई म्हणाली, आता आणलास ना, राहू दे. ती म्हणाली तेव्हा तिचा डोळा कशावर होता हे मला तेव्हा कळलं नाही.

मुंबईत त्या दिवशी आणखी काही बघितलं नाही. भाची बॅग भरत होती, मी तिच्या शेजारी बसून तिच्या थर्मिस्टरच्या माळेचा फोटो बघितला. केबलवर ठरावीक अंतरावर मोजणारे मणी, तीच ती भोकात सोडायची. लाँगयिअरब्येनजवळ यान्सनहाउगेनला अशी एक माळ १९९८ पासून १०२ मीटरपर्यंत सोडलेली आहे. मी विचारलं, केसिंग, म्हणजे भोकातली नळी, कशाची, भोक सरळ आहे याची खात्री कशी करता, वरचं पाणी आत उतरत नाही का. ती म्हणाली, व्याख्यानाला हे प्रश्न कोणी विचारत नाही. तिने कागदावर आकृती काढून दिली, ती माझ्या डायरीत आहे.

ताईने डब्यात कुरडया तळून दिल्या. कच्च्या कुरडयांचं वेगळं पुडकं. गाडी इगतपुरीच्या पुढे गेली तेव्हा फोन वाजला. भाचीचा फोटो होता, परळच्या गच्चीवरचा. पांढरं प्लास्टिक पसरलेलं, त्यावर पोह्यांचे पापड, आणि प्लास्टिकचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेली करडी लादी. पान वरच्या बाजूला. खाली तिने लिहिलं होतं, आई म्हणते वजन बरोबर आहे. आणि त्याखाली, इरईचे फोटो पाठवा, ओरखडे कोणत्या दिशेला जातात ते कंपास लावून मोजा.

कंपास घरी कपाटात आहे. पावसाआधी जायला हवं, एकदा पात्रात पाणी आलं की खडक दिसणार नाही.